काकांचा पार्किन्सन्स आणि यजमानांचा पार्किन्सन्स

पत्र :

"आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. माझे यजमान ४३ वर्षांचे आहेत, मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतात. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, सही बारीक होत गेली आणि शेवटी पार्किन्सन्सचं निदान झालं. लेव्होडोपा आणि प्रामिपेक्सोल चालू आहे. यांच्या थोरल्या काकांना हाच आजार ७१व्या वर्षी झाला होता. मधुमेह आणि चक्कर आधीपासून होतीच. चार-पाच वर्षांत ते अंथरुणाला खिळले, माणसं ओळखेनात, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणायचे. त्यांचं शेवटचं सगळं मी केलंय. आता तेच पुन्हा बघायचं का, या विचाराने झोप लागत नाही. सकाळी उठल्या-उठल्या यांच्या उजव्या पायाची बोटं आत वळतात, पाऊल पिळवटतं. हा लकवा तर नाही ना? रविवारी सकाळच्या गोळीचा काही उपयोगच होत नाही. आणखी एक. घरात पाय ओढत चालणारा माणूस नवरात्रात गरब्यात शिरला आणि ढोलावर सरळ पावलं टाकायला लागला! सासूबाई म्हणाल्या, 'कामाच्या वेळीच बरा पाय अडतो.' मी वाचलं की कमी वयात हा आजार झाला तर मेंदूचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं आणि ते फंक्शनल एमआरआयमध्ये दिसतं. एका ठिकाणी ब्रेन मॅपिंगचं पॅकेज सुचवलंय, खर्च बराच आहे. करून घ्यावं का? मुलगा नववीत आहे. त्याला पुढे धोका आहे का?"
— एक वाचक, बडोदा

उत्तर :

ताई, तुम्ही विचारलंय एमआरआयबद्दल, पण तुमची झोप उडवलीये ती काकांच्या आठवणीने. म्हणून आधी काकांबद्दल बोलते.

काकांच्या आजारपणावरून यजमानांचं भविष्य काढू नका. ही नुसती समजूत घालणं नाही, त्यामागे भक्कम कारणं आहेत. पन्नाशीच्या आत सुरू होणारा पार्किन्सन्स आणि सत्तरीत सुरू होणारा पार्किन्सन्स यांचं मूळ एकच असलं, तरी पुढची चाल बरीच वेगळी असते. सत्तरीत आजार येतो तेव्हा तोल जाणं, पडणं, विसरणं, भास होणं हे सगळं लवकर मागे लागतं आणि लेव्होडोपाचा गुणही तुलनेने कमी येतो. पार्किन्सन्समध्ये डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप नेणारं मेंदूतलं रसायन, कमी पडतं आणि लेव्होडोपाने ते भरून काढतात. पण त्या वयात डोपामिन एकटंच कमी झालेलं नसतं. स्मरणशक्ती आणि चाल सांभाळणाऱ्या अॅसेटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाच्या पेशीही थकलेल्या असतात, मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात. चाळिशीत आजार आला तर तो सहसा सावकाश पुढे सरकतो. बुद्धी आणि स्मरणशक्ती बहुतेकांची खूप वर्षं शाबूत राहते आणि गोळीला शरीर चांगली साथ देतं.

काकांना चक्कर यायची, असं तुम्ही लिहिलंय. त्यांची जुनी चिठ्ठी घरात कुठे सापडली तर जरूर बघा. चक्कर आणि मळमळीवर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रमाइड ही औषधं डोपामिनचाच रस्ता अडवतात. स्टुजेरॉन, स्टेमेटिल, पेरिनॉर्म ही नावं घरोघरी माहीत असतात. वर्षानुवर्षं घेतली तर धडधाकट माणसातही ती पार्किन्सन्ससारखी लक्षणं आणतात, मग आधीच आजार असलेल्याचं काय होत असेल! तसंच ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पॅसिटेन. थरथरीवर ती चालते, पण म्हाताऱ्या माणसात विसरणं आणि भास वाढवते. काकांच्या भिंतीवरच्या मुंग्यांमागे आजार किती आणि गोळ्या किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. यजमानांसाठी यातून एकच काम निघतं. या औषधांची नावं एका कागदावर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. उलट्या झाल्या, दात काढायचा असला, ऑपरेशन ठरलं, तर तो कागद समोरच्या डॉक्टरांना दाखवायचा. मळमळ होत असेल तर डोम्पेरिडोन चालतं का, हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून घ्या.

आता गरब्याचं. सासूबाईंना हा भाग वाचून दाखवा. तुमचे यजमान सोंग करत नाहीत.

चालणं, बटणं लावणं, सही करणं या गोष्टी आपण विचार न करता करतो. ते काम मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या पेशींच्या पुंजक्यांचं. त्यांना डोपामिन पुरवणाऱ्या काळसर पेशी मध्यमेंदूत असतात आणि पार्किन्सन्समध्ये त्याच झिजतात. पुरवठा सगळ्यात जास्त तुटतो तो पुटामेन नावाच्या भागाच्या मागच्या बाजूचा, आणि सवयीच्या हालचाली नेमक्या तिथेच साठवलेल्या असतात. म्हणून घरात, काही लक्षात नसताना, पाय ओढला जातो. पण ढोल वाजतो, समोरच्याची टाळी पडते, गोल फिरणाऱ्या माणसांचा वेग डोळ्यांना दिसतो, तेव्हा हालचालीची वेळ बाहेरून मिळते. मग मेंदू मागच्या बाजूचा 'छोटा मेंदू' आणि कपाळामागचा प्रीमोटर भाग यांच्याकडून काम करून घेतो. रावपुऱ्याचा मुख्य रस्ता बंद असला की आपण पोळांमधून, म्हणजे गल्लीबोळांतून, वाट काढतो आणि घरी पोहोचतोच, तसंच हे. पोहोचतो, पण दमून. गरब्याच्या दुसऱ्या दिवशी यजमान गळून गेले असतील तर त्यात नवल नाही, कारण जे फुकट व्हायचं ते त्यांना मेंदू राबवून करावं लागलं.

ही वाट रोज वापरता येते. घरात चालताना मनात आकडे मोजायचे, मोबाइलवर ठेका लावायचा, वळताना मोठं पाऊल टाकायचं. कमाटीबागेत सकाळी फिरायला जात असाल तर रमतगमत नको. घाम येईल आणि बोलताना धाप लागेल इतक्या वेगाने, हात मुद्दाम हलवत चाला. व्यायाम हा या आजारात औषधाच्या बरोबरीचा भाग आहे आणि ४३व्या वर्षी तो जितका झेपतो तितका नंतर झेपणार नाही.

वयाप्रमाणे मेंदूच्या कामात पडणाऱ्या फरकाबद्दल तुम्ही वाचलंत, ते बरोबर आहे. फक्त त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे नीट समजून घ्या. फंक्शनल एमआरआय मेंदूची विद्युत हालचाल मोजत नाही. जो भाग जास्त काम करतो तिकडे जास्त प्राणवायूचं रक्त जातं, तो फरक मोजतो. सेइजी ओगावा यांनी १९९०मध्ये ही पद्धत दाखवून दिली. पार्किन्सन्सच्या रुग्णांना यंत्रात बोटं हलवायला लावली किंवा नुसतं शांत पडून राहायला सांगितलं, तर पुटामेन आणि मेंदूच्या पृष्ठभागावरचं हालचालींचं कवच यांच्यातला ताळमेळ कमी झालेला दिसतो आणि त्याच वेळी छोटा मेंदू जास्त राबताना दिसतो. लवकर सुरू झालेला आणि उशिरा सुरू झालेला, असे दोन गट समोरासमोर ठेवले की या भरपाईची तऱ्हा वेगळी निघते. तरुण मेंदूकडे राखीव ताकद जास्त असते. पेट स्कॅनच्या अभ्यासातही हेच दिसलं. लक्षणं सुरू होण्याच्या वेळी तरुण रुग्णांच्या पुटामेनमधलं डोपामिनचं नुकसान म्हाताऱ्या रुग्णांपेक्षा जास्त होतं, पुढची घसरण मात्र हळू होती. म्हणजे तुमच्या यजमानांच्या मेंदूने हा तोटा कितीतरी दिवस कुणाला कळू न देता पेलला. हात थरथरायला लागला तेव्हा कुठे ते उघड झालं.

मला हे वाचून आशा वाटते आणि तुम्हालाही वाटावी. पण हे सगळे निष्कर्ष गटांचे आहेत. वीस-तीस रुग्णांची सरासरी, त्यांच्यासमोर वीस-तीस निरोगी माणसांची सरासरी. त्या दिवशी गोळी घेतली होती की नाही, नीट झोप झाली होती का, डोकं किती हललं, यानेही चित्र बदलतं आणि एका अभ्यासाचे भाग दुसऱ्याशी पूर्ण जुळत नाहीत. एका माणसाच्या रंगीत चित्रावरून 'तुमचा आजार असा जाईल' हे आज कुणीही सांगू शकत नाही. सांगत असेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. फंक्शनल एमआरआयचा खरा उपयोग संशोधनात आहे, किंवा मेंदूतली गाठ काढण्याआधी बोलण्याची जागा कुठे आहे ते पाहण्यासाठी. ते ब्रेन मॅपिंगचं पॅकेज घेऊ नका. साधा एमआरआय झाला असेलच, तो दुसरे आजार नाहीत ना हे बघण्यासाठी असतो. निदानाबद्दलच शंका असेल तर डोपामिनचे तंतू दाखवणारा ट्रोडॅट स्कॅन किंवा एफ-डोपा पेट कामाचा. शंका नसेल तर त्याचीही गरज नाही. वाचलेले पैसे फिजिओथेरपिस्टला द्या. तिथे त्यांचं चीज होईल.

तरुण मेंदूची हीच लवचीकता दुसऱ्या बाजूने त्रासही देते, आणि तो लपवून ठेवणं बरोबर नाही. सकाळी पाऊल पिळवटतं तो लकवा नाही. त्याला डिस्टोनिया म्हणतात. रात्रभरात औषधाचा असर उतरतो आणि पहाटे स्नायू एकमेकांविरुद्ध आवळले जातात. लवकर सुरू झालेल्या पार्किन्सन्समध्ये हे फार वेळा दिसतं, काहींना तर पहिलं लक्षण हेच असतं. डॉक्टरांना हे वेगळं सांगा. 'पाय दुखतो' एवढंच सांगितलंत तर पेनकिलर मिळेल. शक्य असेल तर सकाळी मोबाइलवर पावलाचा व्हिडिओ काढून न्या. रात्रीचा सावकाश सुटणारा डोस किंवा उठण्याआधी उशाशी ठेवलेली पहिली गोळी, असे उपाय त्यावर आहेत. ठरवायचं मात्र त्यांनी.

दुसरा त्रास पुढच्या काही वर्षांत येऊ शकतो. गोळीचा असर लवकर उतरणं आणि असर पूर्ण असताना अंग आपोआप डुलणं. तरुण रुग्णांत हे लवकर आणि जास्त प्रमाणात होतं, कारण गोळीबरोबर वर-खाली होणाऱ्या डोपामिनची नको ती सवय त्यांच्या मेंदूला चटकन लागते. हे ऐकून बरेच जण लेव्होडोपा 'पुढे लागेल तेव्हा' म्हणून राखून ठेवतात आणि ऐन कामाची वर्षं अडखळत काढतात. तसं करू नका. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना २०१४मध्ये प्रसिद्ध झाली. घानात औषध मिळायलाच उशीर व्हायचा, तरी अंग डुलण्याचा त्रास आजाराला किती वर्षं झाली त्यानुसार आणि डोसनुसारच आला. गोळी उशिरा सुरू केली म्हणून तो पुढे ढकलला गेला नाही. तेव्हा लागेल तेवढं औषध घ्यायचं, लागतं त्यापेक्षा जास्त नाही.

रविवारचं कोडं मात्र मला पत्र वाचतानाच सुटल्यासारखं वाटलं. बडोद्याचा माणूस रविवारी सकाळी सेव-उसळ खायला बाहेर पडतो! वाटाण्याची उसळ, वर तर्री, सोबत पाव, आणि त्यावर गोळी. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. प्रथिनांतून सुटणारी अमिनो आम्लं आतड्यात आणि पुढे मेंदूच्या दारातही त्याच वाटेने आत जातात, त्यामुळे गर्दीत गोळी मागे पडते. त्यात तेलकट खाल्लं की पोट उशिरा रिकामं होतं. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, दुधाबरोबर नाही. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात दोन तास अंतर ठेवायचं. उसळ बंद करायची गरज नाही, फक्त गोळी आधी. डाळ, पनीर, अंडं यातलं जास्तीचं रात्रीच्या जेवणात घेतलं तर कारखान्यातला दिवस बरा जातो.

प्रामिपेक्सोल, म्हणजे डोपामिनची नक्कल करणारी गोळी, तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मी विचारते. यजमान रात्री उशिरापर्यंत फोनवर असतात का? शेअर बाजारातले रोजचे सौदे, पैसे लावून खेळ, ऑनलाइन खरेदी, गोड खाणं, शारीरिक संबंधांची मागणी, यात अचानक काही वाढलंय का? हालचालींचा भाग डोपामिनला आसुसलेला असतो, पण समाधान आणि बक्षीस यांची जाणीव देणारा भाग या आजारात बराच शाबूत राहतो. पहिल्याला पुरेल एवढं औषध दुसऱ्याला जास्त होतं. कमी वयाच्या रुग्णांत हा धोका अधिक. घराचे हप्ते चालू असताना खात्यातून पैसे जायला लागले की घरच्यांना वाटतं माणूस बिघडला. माणूस बिघडलेला नसतो, हा औषधाचा परिणाम असतो आणि डोस हळूहळू कमी केला की बहुतेक वेळा थांबतो. गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, त्याने भयंकर बेचैनी येते. आजच दोघं बसून बोला आणि काही महिने बँकेचे व्यवहार दोघांच्या नजरेखाली ठेवा. ही गोळी झोपेचे झटकेही आणते, तेव्हा मकरपुऱ्याला ते स्कूटर चालवत जातात का, हेही बघा.

या वयात उदासी आणि चिंता जास्त दिसते. हात खिशात घालून फिरणं, लग्नकार्य टाळणं, साहेबापासून आजार लपवणं यातच अर्धी ताकद जाते. क्वालिटीच्या कामात बारीक मापं घ्यावी लागतात, म्हणून वरिष्ठांशी एकदा स्पष्ट बोलून गोळीचा असर चांगला असतो त्या तासांत ती कामं मागून घ्यावीत, असं माझं मत आहे. कोणत्या तासाला हात हलका, कोणत्या तासाला जड, हे दोन आठवडे वहीत लिहून ठेवलंत तर डॉक्टरांना त्या वहीचा कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त उपयोग होईल. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून काम करतं. त्यांच्याशी जोडून घ्या. आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळणं यजमानांना हवं आहे, तुम्हालाही.

पुढे गोळ्यांनी भागेनासं झालं तर डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून विजेचा हलका प्रवाह देण्याचा उपाय, आहे. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७मध्ये त्याची सुरुवात केली. मेंदूच्या हालचालीचं मोजमाप उपचारात खऱ्या अर्थाने वापरलं जातं ते इथे. मेंदूत खोलवर असलेल्या सबथॅलॅमिक केंद्रात सेकंदाला १३ ते ३० वेळा उठणारी बीटा लय वाढलेली असते, आणि नव्या यंत्रांत ती मोजून विजेचा प्रवाह कमी-जास्त करण्याची सोय आली आहे. स्मरणशक्ती चांगली आणि वय कमी असलेल्यांना याचा फायदा जास्त मिळतो. आत्ता त्याची घाई नाही.

एक तपासणी मात्र राहिली असेल तर करून घ्या. पन्नाशीच्या आत अशी लक्षणं आली की विल्सन्स डिसीज नाही ना, हे एकदा बघायचं असतं. त्यात शरीरात तांबं साठतं आणि त्यावर उपचार आहेत. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, लघवीतलं तांबं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पखाली बुबुळाची कड, एवढंच लागतं. तुम्हाला सुचवलेल्या पॅकेजपुढे हा खर्च काहीच नाही.

मुलाबद्दल. घरात एका काकांना ७१व्या वर्षी आजार झाला म्हणजे तो वंशात आहे, असं होत नाही. बहुतेक रुग्णांत सरळ आनुवंशिकता नसते. कमी वयात सुरू होणाऱ्या आजारात सगळ्यात जास्त सापडणारं जनुक पार्किन, जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९८मध्ये शोधलं. त्यात दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. यजमानांत तो सापडला, तरी तुमच्याकडे तसा दोष नसेल तर मुलाला त्यामुळे आजार होणार नाही. तुम्ही आणि यजमान नात्यातले असाल, आतेमामे भावंडं वगैरे, तर ते डॉक्टरांना सांगा, कारण तेव्हा हिशेब बदलतो. जनुकांची तपासणी करायची झाली तर ती यजमानांची, तीही जेनेटिक काउन्सेलरशी बोलून. या तपासणीसाठी मुलाचं रक्त कुठेही देऊ नका.

त्याला आजाराचं नाव मात्र सांगा. नववीतला मुलगा वडिलांचा हात बघतो, आजीचं बोलणं ऐकतो आणि फोनवर शोधतो. त्याला पहिल्या पानावर काकांसारखीच चित्रं दिसणार. त्याआधी यजमानांनीच त्याला जवळ बसवून सांगावं की मला पार्किन्सन्स आहे, तो हळू चालतो, मी कामाला जातो आणि जाणार आहे. सेरुलोप्लाझमिनचा रिपोर्ट आला की मला कळवा.